गावाजवळच्या वनउद्यानात वाटाड्याशिवाय ओरिएंटिअरिंग करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्वी तालुक्यातील एका गावाजवळ वन विभागाचे साधारण शंभर एकरांचे उद्यान आहे. त्याच्या एका अंगाला तलाव आणि त्याची पाळ, मधे सागाची लागवड, आणि उरलेल्या भागात गवत व झुडपे आहेत. प्रश्नकर्त्यांचे बंधू इंग्लंडमध्ये राहतात. तेथील एका कंट्री पार्कमध्ये त्यांनी मुलांना घेऊन, कोणीही वाटाड्या सोबत न घेता, नुसता नकाशा हातात धरून ओरिएंटिअरिंग (नकाशावर दाखवलेल्या जागा रानात क्रमाने शोधण्याचा खेळ) केले आणि त्याची छायाचित्रे घरी पाठवली. बारा आणि चौदा वर्षांच्या आपल्या मुलांसह येथेही तसेच करता येईल का, त्यासाठी कंपास कोणता घ्यावा आणि मोबाइलवरचे एखादे ॲप पुरेल का, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

मी वर्धा नदीच्या अलीकडील एका तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षे भूगोल शिकवला. शाळेच्या एनसीसी तुकडीचा नकाशावाचनाचा भागही माझ्याकडेच होता. निवृत्तीनंतर गेली काही वर्षे हिवाळ्यात आसपासच्या शाळांतील मुलांसाठी मी हा खेळ मांडतो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते याच मातीतले आहे, आणि त्यात माझ्या चुकाही आहेत.

करता येईल, असेच माझे उत्तर आहे. मात्र आपण कंपासबद्दल विचारले असले तरी आपली खरी अडचण कंपासची नाही. इंग्लंडमध्ये ग्रामीण भागासंबंधीच्या १९६८ च्या कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांना शहरांच्या आसपास मोकळे रान लोकांसाठी राखण्याचा अधिकार दिला आणि त्यातून हे कंट्री पार्क उभे राहिले. त्यांपैकी अनेकांत लाकडी खांब कायमचे रोवलेले असतात, खांबावर लाल-पांढरी चौकट आणि एखादे अक्षर किंवा आकडा असतो, आणि त्या खांबांच्या जागा दाखवणारा नकाशा तयार मिळतो. आपल्या बंधूंनी तो नकाशा घेतला, एकेक खांब शोधला, त्यावरील अक्षर टिपून घेतले आणि खेळ झाला. वाटाड्या लागला नाही, कारण वाटाड्याचे सगळे काम कोणी तरी महिनोन्महिने ते रान पायाखाली घालून कागदावर आधीच उतरवून ठेवले होते. आपल्या उद्यानाचा असा नकाशा नाही. म्हणून आपला प्रश्न खरे तर असा आहे की नकाशाच नसलेल्या जागी हा खेळ कसा मांडावा. त्याचे उत्तर असे की आधी नकाशा आपणच करावा लागेल, आणि माझ्या मते मुलांच्या दृष्टीने हाच भाग अधिक गमतीचा ठरतो.

कोणत्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, ते आधी सांगितले पाहिजे. पहिली बाब म्हणजे रानात कोण वावरते. आपल्या वर्धा जिल्ह्यातील बोर हे आता व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे आणि वाघ काही प्रकल्पाची हद्द पाहून थांबत नाही. आर्वी-कारंजा पट्ट्यात बिबट तर उसाच्या आणि तुरीच्या शेतांतही असतो. त्यामुळे उद्यान शंभर एकरांचे आणि तारेच्या कुंपणातले असले, तरी त्या आठवड्यात कोठे पगमार्क दिसले का, कोणाची शेळी गेली का, हे तेथील वनरक्षकालाच विचारावे, आणि ज्या दिवशी जायचे त्याच दिवशी पुन्हा एकदा विचारावे. त्याने नको म्हटले तर वाद न घालता घरी परतावे. अभयारण्यात व व्याघ्र प्रकल्पात असे पायी हिंडण्याचा विचारच करू नये. तेथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू असतो आणि परवानगीवाचून आत शिरणे हाच गुन्हा ठरतो.

दुसरी बाब जमिनीची. उद्यान वन विभागाचे असल्यामुळे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना एक साधा अर्ज द्यावा: कोणत्या दिवशी, किती माणसे, किती वेळ, आणि काहीही रोवणार, तोडणार वा रंगवणार नाही. हे शेवटचे वाक्य अर्जात जरूर असू द्यावे, त्याने परवानगी सोपी होते. उद्यानाला लागून गावाचे म्हणून एखादे झुडपी जंगल असेल, तर तेथे कोण विचारतो असे समजू नये. पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरातील हा जुना शब्द असून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ही जमीन वनजमीनच मानली आहे. खासगी शेतातून जायचे असल्यास मालकाला विचारावे, आणि कापूस वेचणीला किंवा तूर कापणीला आलेली असताना तर विचारूही नये, तिकडे जाऊच नये.

तिसरी बाब हंगामाची, आणि तीत माझे मत ठाम आहे. दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागले की सुरुवात करावी आणि होळीच्या आधी थांबावे. पावसाळ्यात व त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत गवत छातीएवढे असते, त्यात साप दिसत नाहीत. शिवाय गवतातील बारीक किड्यांपासून होणारा स्क्रब टायफस २०१८ साली नागपूर परिसरात पुष्कळ पसरला होता, तो याच दिवसांतला ताप आहे. मार्चमध्ये मोह गळू लागला की पहाटेच्या वेळी अस्वले मोहाखाली येतात, आणि वणव्यांचा काळही तेव्हाच सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाबद्दल विदर्भातील माणसाला मी काय सांगावे!

आता जागेची निवड, आणि येथे मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण माझी सर्वांत मोठी चूक येथेच झाली. एका जानेवारीत मी एनसीसीच्या आठ मुलांना एका टेकडीवर नेले आणि दोन-दोनच्या जोड्या करून नकाशे दिले. रान ओळखीचे होते, मुले चुणचुणीत होती, म्हणून मी निर्धास्त होतो. एका जोडीने ज्या नाल्याच्या काठाने खाली उतरायचे तो सोडून शेजारचा नाला धरला. दोन्ही नाले दिसायला सारखेच, दोन्ही उताराकडे वाहणारे, पण एक अलीकडच्या शिवारात उतरतो आणि दुसरा टेकडीच्या धारेच्या पलीकडे. मुले खाली खाली जात राहिली, कारण त्यांना थांबवील असे वाटेत काही नव्हतेच. संध्याकाळी चार वाजता ती तीन किलोमीटर पलीकडच्या गावात एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावर बसून हरभऱ्याची डहाळी खाताना सापडली. मुलांना काही झाले नाही. माझे काय झाले ते त्यांच्या घरच्यांसमोर उभे राहिल्यावर मला कळले.

तेव्हापासून मी जागा एकरांनी मोजत नाही, तिच्या कडा पाहतो. मूल कितीही चुकले आणि कोणत्याही दिशेला चालत सुटले, तरी जिला अडून थांबेल अशी ठळक कड चारही बाजूंना हवी: डांबरी रस्ता, तलाव, तारेचे कुंपण, कालवा, रेल्वेचा रूळ नको पण पांदण चालेल. नाला ही कड म्हणून धरू नये, तो ओलांडला तरी कळत नाही. आपल्या उद्यानाला एका बाजूला तलाव आहे, म्हणजे एक कड पक्की. उरलेल्या तीन बाजूंना कुंपण शाबूत आहे का, की गुरांसाठी लोकांनी ते चार ठिकाणी वाकवले आहे, हे फिरून पाहावे. एखादी बाजू उघडी असेल तर खेळ त्या बाजूपासून दोनशे मीटर आतच ठेवावा. मुलांना नकाशा देण्यापूर्वी एक वाक्य पाठ करून घ्यावे: “काहीच कळेनासे झाले तर मावळतीकडे चालत राहायचे, रस्ता लागला की थांबायचे.” दिशा आपल्या जागेप्रमाणे बदलेल, वाक्य मात्र इतकेच लहान असावे. याच कारणासाठी पहिल्या वेळेस कृषी महाविद्यालयाचा परिसर, आश्रमशाळेचे मोठे आवार किंवा तलावाची पाळ निवडली तरी कमीपणा मानू नये.

नकाशाबाबत अनेकांचा समज असा असतो की सरकारी नकाशा मिळाला की काम भागले. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे चांगलेच आहेत आणि एनसीसीत आम्ही त्यांच्या जातीच्या नकाशांवरच शिकवत असू. हा खेळ मुळात स्कँडिनेव्हियातील सैन्याच्या नकाशावाचनातून निघाला. १८९७ मध्ये नॉर्वेत त्याची पहिली जाहीर स्पर्धा झाली आणि १९१९ मध्ये मेजर अर्न्स्ट किलँडर यांनी स्टॉकहोमजवळ भरवलेल्या स्पर्धेनंतर तो तरुणांत पसरला. नाते एवढे जवळचे असले तरी नकाशा मात्र वेगळा लागतो. १:५०,००० मध्ये १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. आपले शंभर एकर म्हणजे साधारण ४० हेक्टर, समजा ८०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद. त्या नकाशावर हे सगळे उद्यान अंगठ्याच्या नखाखाली झाकले जाईल. त्यावरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या २० मीटर अंतराने असतात, म्हणजे आपली पंधरा मीटरची टेकडी त्यात दिसेलच असे नाही. तलाठ्याकडील गावनकाशात सर्व्हे नंबरांच्या हद्दी नेमक्या असतात, पण झाड, झुडूप आणि चढ-उतार यांच्याशी त्याला कर्तव्य नसते.

आपल्याला १:४,००० हे प्रमाण बरे पडेल, म्हणजे १ सेंटिमीटरला ४० मीटर. वरचे उद्यान मग २० सेंटिमीटर लांब व साडेबारा सेंटिमीटर रुंद होते आणि ए-फोर कागदावर आरामात बसते. उपग्रहाचे चित्र या मापात छापून घ्यावे, त्यावर ट्रेसिंग पेपर लावावा, परीक्षेच्या पॅडला दोन्ही अडकवावे आणि पेन्सिल घेऊन निघावे. आधी चारही कडा, मग वाटा, मग नाला व पाण्याच्या जागा, मग इमारती, विहिरी, विजेचे खांब, आणि शेवटी झाडी. चित्रात जे दिसते ते जमिनीवर असेलच असे धरू नये. चित्र बहुधा उन्हाळ्यातले असते. साग तेव्हा निष्पर्ण असतो आणि त्याखालची प्रत्येक पायवाट वरून स्वच्छ दिसते. नोव्हेंबरमध्ये तीच वाट पानांच्या सावलीत असते आणि फेब्रुवारीत गळलेल्या पानांखाली बुजून जाते. म्हणून पायाखाली आलेले तेवढेच खरे मानावे.

छापताना एक सावधगिरी. माझ्या पहिल्या नकाशात छपाईच्या दुकानात कागदावर मावावे म्हणून चित्र थोडे आकसले गेले आणि ते माझ्या लक्षात आले नाही. तलावाची पाळ प्रत्यक्षात २४० मीटर होती, म्हणजे कागदावर ६ सेंटिमीटर यायला हवी होती, ती ५.६ सेंटिमीटर आली. वाचताना हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु ३०० मीटरच्या एका अंतरात तो २० मीटरचा झाला, आणि मुले पावले मोजून अगदी बरोबर थांबली तरी झुडपामागची विहीर त्यांना दिसेना. तेव्हा पाळ, कुंपणाची एक बाजू किंवा असे काही टेपने प्रत्यक्ष मोजून छापलेल्या कागदाशी ताडून पाहावे.

रंगांविषयी शाळेत शिकलेले थोडे विसरावे लागते. या खेळाच्या नकाशात पांढरा म्हणजे ज्यातून सहज पळता येईल असे जंगल, पिवळा म्हणजे मोकळी जमीन, आणि हिरवा म्हणजे अडवणारी दाटी. हिरवा जितका गडद तितके शिरणे अवघड. आपल्याकडे जुन्या सागाखालची स्वच्छ जमीन पांढरी, गवताचे पट्टे पिवळे, आणि रायमुनिया (घाणेरी) माजलेला भाग हिरवा ठेवावा. बोरी-बाभळीचे काटवन असेल तर तेथे गडद हिरवा भरून मुलांना सांगून टाकावे की येथे जायचेच नाही. पाण्यासाठी निळा, चढ-उतारासाठी तपकिरी, आणि माणसाने केलेल्या वस्तू व खडक यांच्यासाठी काळा.

समोच्च रेषा हा भाग मुलांना जड जातो असे म्हणतात, पण विदर्भात त्याची एक सोय आहे जी इंग्लंडमध्ये नाही. आपल्या बहुतेक वनजमिनींवर आणि टेकड्यांवर पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खोदलेले आहेत. समतल चर म्हणजे जमिनीवर कोरलेली समोच्च रेषाच होय. मुलांना त्या चराच्या कडेने दोनशे पावले चालवावे आणि विचारावे की आपण चढलो की उतरलो. दोन्ही नाही, हे त्यांना पायांनी कळते. मग खालच्या चरावर यावे, तेथूनही तसेच चालावे, आणि नंतर कागदावर त्या दोन तपकिरी रेषा काढाव्यात. वर्गात फळ्यावर मला जे आठवडाभर जमत नसे, ते एका सकाळी होऊन जाई.

ॲपचा प्रश्न येथेच निकालात काढतो. ओपनओरिएंटिअरिंग मॅपर हे मोफत ॲप अँड्रॉइड फोनवर चालते, त्यात या खेळाच्या खुणा तयार असतात आणि संगणकाची सवय असणाऱ्याने ते जरूर वापरावे. संगणकावर पर्पल पेन नावाचे मोफत साधन टप्पे, म्हणजे मुलांनी शोधायच्या जागा, आखण्यासाठी आहे. वाटांची आखणी टिपण्यासाठीही मोबाइल उपयोगी पडतो. उघड्यावर तो जागा काही मीटरांच्या आत सांगतो, दाट झाडाखाली त्याचा भरवसा कमी होतो. पण प्रत्यक्ष खेळताना तो पिशवीत, बंद न करता, फक्त अडचणीसाठी असावा. पडद्यावर आपली जागा दाखवणारा निळा ठिपका दिसू लागला की खेळायला काही उरतच नाही.

नकाशा झाला की टप्पे. सुरुवातीच्या जागी त्रिकोण, शेवटाला दुहेरी वर्तुळ, आणि प्रत्येक टप्प्याभोवती साधारण ६ मिलिमीटरचे जांभळे वर्तुळ. ती सरळ रेषांनी क्रमाने जोडावीत. आठ टप्पे आणि एकूण दोन किलोमीटरच्या आत, एवढे पहिल्यांदा पुष्कळ. टप्पा वर्तुळाच्या बरोबर मध्यावर यावा आणि तो ठळक वस्तूवरच असावा: दोन वाटांचा फाटा, रपट्याचे (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाचे) टोक, कुंपणाचा कोपरा, एकटा मोह. मुलांपासून काही तरी लपवायचे आहे अशा बुद्धीने टप्पे ठेवणाऱ्या शिक्षकांना मी नेहमी सांगतो की हा लपाछपीचा खेळ नाही. अवघड असेल तर तेथवर पोचणे अवघड असावे, पोचल्यावर टप्पा दिसलाच पाहिजे.

स्पर्धांत टप्प्यावर ३० सेंटिमीटर बाजूचे नारिंगी-पांढरे निशाण टांगतात. आपल्या बंधूंच्या उद्यानात त्याऐवजी खांब होते. मी प्रारंभी निशाणे शिवून घेतली होती. एकदा एका कडुलिंबाच्या बुंध्याशी बांधलेले निशाण सोडायचे राहून गेले. पंधरा दिवसांनी तेथे गेलो तर खाली हळद-कुंकू, लिंबू आणि विझलेल्या उदबत्त्या होत्या. ते निशाण मी तसेच राहू दिले आणि तेव्हापासून निशाणे लावणे सोडले. आता मी टप्प्यावर आधीच असलेल्या वस्तूविषयी प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर तेथे गेल्यावाचून देता येत नाही. विजेच्या खांबावरचा क्रमांक काय, रपट्याच्या कठड्यावर कोणते साल कोरले आहे, विहिरीला किती पायऱ्या आहेत, पाणवठ्याच्या पाटीवरचा तिसरा शब्द कोणता. यात काही रोवावे लागत नाही, चोरीला जात नाही, निशाणांसाठी वेगळी परवानगी मागावी लागत नाही, आणि पुन्हा जाल तेव्हा मुले स्वतःच नवा क्रम आखू शकतात. आपण ज्याला वाटाड्याशिवायचे म्हणता, ते आपल्याकडे या मार्गानेच साधते असा माझा अनुभव आहे. विहिरीचा प्रश्न मात्र बांधीव कठड्याच्या विहिरीबद्दलच विचारावा. उघड्या विहिरीच्या आसपास शंभर मीटरपर्यंत टप्पा ठेवू नये.

आतापर्यंतचे एवढे झाले: विचारपूस व अर्ज, कडा असलेली जागा, पायाने तपासलेला नकाशा, आणि प्रश्नांचे आठ टप्पे. आता मुलांना काय शिकवायचे ते.

पहिली गोष्ट म्हणजे नकाशा जमिनीला लावणे. नकाशातला तलाव खऱ्या तलावाकडे येईपर्यंत कागद फिरवायचा. मग अक्षरे उलटी दिसली तरी चालतील. मुलांना अक्षरे सरळ ठेवण्याची इतकी सवय असते की ती स्वतःऐवजी रानच फिरवायला बघतात. दुसरी गोष्ट अंगठा. आपण जेथे आहोत तेथे नकाशावर अंगठ्याचे नख ठेवायचे आणि पुढे सरकू तसा तो सरकवायचा. नकाशा घडी घालून हातात मावेल एवढा करावा. या दोन सवयी लागल्या की निम्मे काम झाले.

त्यानंतर वाट निवडण्याचे डावपेच. दोन टप्प्यांमधली सरळ रेषा म्हणजे चालण्याची वाट नव्हे, हे बजावून सांगावे. हात कठड्यावर ठेवून जिना उतरावा तसे कुंपण, पाळ, चर किंवा जाळरेषा यांच्या कडेने जाता येते. वन विभाग वणव्यासाठी ज्या जाळरेषा काढतो त्या जानेवारीनंतर इतक्या स्वच्छ असतात की नवख्याला त्यांच्याइतका आधार नाही. शेवटच्या पन्नास-शंभर मीटरसाठी टप्प्याजवळची एखादी न चुकणारी खूण आधी गाठावी आणि तेथून नेम धरावा. एक युक्ती मला फार आवडते. समजा पुढील टप्पा नाल्याच्या काठावरील रपट्याचे टोक आहे आणि आपण गवतातून नाल्याकडे निघालो आहोत. नेमका रपट्याचा नेम धरला आणि नाल्याशी पोचल्यावर तो दिसला नाही, तर डावीकडे वळावे की उजवीकडे, हे कळत नाही. म्हणून मुद्दाम वीस-तीस मीटर डावीकडे नेम धरावा. मग नाला लागला की रपटा उजवीकडेच असणार, यात शंका उरत नाही.

पावले मोजणे हेही घरीच शिकता येते. मोठ्या रस्त्यांवर किलोमीटरच्या दगडांमध्ये २०० मीटरचे लहान दगड असतात. अशा दोन दगडांमधले अंतर चालून फक्त उजव्या पायाची पावले मोजावीत आणि निम्मी करावीत. मोठ्या माणसाची १०० मीटरला साठ-पासष्ट येतात, बारा वर्षांच्या मुलाची अधिक येतील. गवतात व चढावर आकडा वाढतो, तेव्हा तोही एकदा मोजून ठेवावा.

पालकांसाठी एक सूचना, आणि ती पाळणे सर्वांत कठीण आहे. दोन्ही मुलांना एकत्र पाठवावे, आपण पन्नास पावले मागून चालावे आणि गप्प राहावे. मुले चुकीच्या फाट्याला वळताना दिसतील तेव्हा आपली जीभ वळवळेल. शंभर मीटर जाऊ द्यावे. “अरे, तिकडे नाही” हे वाक्य आपण उच्चारले की पुढच्या प्रत्येक फाट्यावर ती नकाशाऐवजी आपल्या तोंडाकडे पाहतील. धोका दिसला तर अर्थातच लगेच थांबवावे.

धोके कोणते, ते नेमके सांगतो. रानापेक्षा रानाला लागून असलेली शेते अधिक घातक असू शकतात, कारण रानडुकरांसाठी काही जण कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. ते बेकायदा आहे, तरीही त्यात माणसे जातात. झटका मशीनची (जनावरे हुसकावण्यापुरता झटका देणारी) तार आणि ही तार बाहेरून सारखीच दिसते, म्हणून कोणत्याही शेताच्या तारेला हात लावायचा नाही. उंच झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ लोंबत असेल तर त्या बाजूचा टप्पाच रद्द करावा. पायात चपला नकोत, बाभळीचा काटा त्यांतून सरळ वर येतो. बूट, पूर्ण पँट, आणि कुसळे अडकली तरी हळहळ वाटणार नाही असे जुने मोजे. सकाळी आठनंतर जावे, अकराच्या आत परत यावे. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिटी असावी. संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा सहा. साप चावल्यास पाय हलू न देता, १०८ ला फोन करून थेट ग्रामीण रुग्णालय गाठावे, वाटेत कोणाकडेही झाडफुंकीसाठी थांबू नये.

राहिला आपला मूळ प्रश्न, कंपासचा. शंभर एकरांच्या आणि चारही कडा पक्क्या असलेल्या जागेत पहिले दोन-तीन रविवार तो नसला तरी अडत नाही. उगवता सूर्य आणि तलाव पुरतात. घ्यायचाच तर पारदर्शक पट्टीवर बसवलेला, तेलात बुडालेल्या सुईचा साधा कंपास घ्यावा. एनसीसीतला प्रिझमॅटिक कंपास अंश वाचायला उत्तम, पण नकाशावर ठेवून झटकन दिशा घ्यायला तो अडचणीचा आहे. विदर्भात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहून कमी फरक आहे. १०० मीटरवर तो दोन मीटरही होत नाही, म्हणून त्याची दुरुस्ती करत बसू नये. त्याऐवजी कंपास मोबाइल, दुचाकी, तारेचे कुंपण आणि स्टीलची बाटली यांपासून दूर धरावा आणि काळ्या खडकावर टेकवू नये, कारण आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये लोहयुक्त खनिज असते आणि काही ठिकाणी सुई त्याला भुलते.

बंधू तेथून कंपास पाठवतो म्हणत असतील तर एक अडचण ध्यानात घ्यावी. चुंबकीय सुई नुसती उत्तरेकडे वळत नाही, ती जमिनीकडे झुकतेही, आणि हे झुकणे इंग्लंडमध्ये आपल्यापेक्षा बरेच जास्त असते. तेथील कारखाने ते भरून काढण्यासाठी सुई तोलून देतात. तशी सुई येथे आणली की तिचे दक्षिणेकडचे टोक खाली कलते आणि डबीच्या तळाला घासू शकते. म्हणून कंपास येथेच, दुकानात हातात सपाट धरून, सुई मोकळी फिरते का ते पाहून घ्यावा. बंधूंना काही पाठवायचेच असेल, तर त्यांनी वापरलेला तो उद्यानाचा नकाशा मागून घ्यावा, त्यावरच्या खुणांच्या सूचीसह. आपला नकाशा काढताना तो समोर ठेवला, तर कोणती वस्तू कशी दाखवायची याचे बहुतेक प्रश्न मुलेच सोडवतील.